अठ्ठावीस वह्यांतली केवळाबाई

लातूरच्या बाहेर जी काचेची मोठी शाळा झाली, तिला चांगलं लांबलचक नाव होतं. पण रिक्षावाले, दूधवाले आणि पोरांचे आजोबा तिला नुसतं ‘इंटरनॅशनल’ म्हणत. तिथं पहिल्या मजल्यावर केवळाबाई कामाला होती. फरशी पुसायची, पाण्याचे जार भरायचे, मुलींचं बाथरूम धुवायचं, कुणाला उलटी झाली तर निस्तरायची. कपाळ रुंद, आवाज फाटका, आणि जीभ अशी की दांडगी पोरंसुद्धा तिची बादली दिसली की दुसऱ्या जिन्यानं जात.

केवळाबाईला ती शाळा आवडत नव्हती. पगार वेळेवर व्हायचा, दुपारी डबा खायला सावली होती, तरी आवडत नव्हती. एक तर तिथं घंटा नव्हती. वेळ पोरांनी आपणहून ओळखावी म्हणे. दुसरं, सहावी ते दहावीच्या पोरांना पुस्तकंच नव्हती. परदेशातून अभ्यासक्रम आणला होता आणि त्यात धड्यांच्या जागी प्रश्न होते. त्यांना शोधप्रश्न म्हणायचे. पोरं जमिनीवर घोळका करून बसायची, मोठाल्या कागदांवर रंगीत बाण काढायची, कात्रणं चिकटवायची, आणि तास संपला की तो सगळा पसारा केवळाबाईच्या झाडूपुढे यायचा.

“इथं शिकवून कोण राहिलंय?” ती दारात कमरेवर हात ठेवून म्हणायची. “मास्तर बी इचारतो, पोरं बी इचारतात. सांगणारा कोण हाय मग?”

मराठीच्या वर्गाबाहेरच्या भिंतीवर विद्यार्थ्याचे दहा गुण लिहिलेले होते. जिज्ञासू, विचारी, धाडसी, सहृदय असे. केवळाबाई सातवी पास होती. तिला ते वाचता यायचे. रोज सकाळी ती ते दहाही गुण ओल्या फडक्यानं पुसायची आणि पुढं जायची.

पालकांनाही ती शाळा खरं तर कळत नव्हती. या शहरात अभ्यास म्हणजे काय हे ठरून गेलेलं होतं. तयार उत्तर घ्यायचं, दहा वेळा लिहायचं, दर रविवारी टेस्ट द्यायची. बिलोलीपासून उदगीरपर्यंतची पोरं त्यासाठीच खोल्या करून लातुरात राहत. तेव्हा पालकसभेत कुणी तरी उठून विचारायचंच, “मॅडम, आठपैकी सहा म्हणजे किती टक्के?”

मनस्विनी मॅडमकडे या अभ्यासक्रमाची सगळी जबाबदारी होती. त्या मूळच्या नांदेडच्या, पण पुण्यात शिकून आलेल्या. त्या शांतपणे म्हणायच्या, “आपल्याकडे टक्के नसतात. एक ते आठ अशी पातळी असते.”

“टक्के नसतात, तर फी कशाची घेता?”

सगळे हसायचे. मॅडमही हसायच्या, पण त्यांच्या मानेवर लाल चट्टे उठायचे. केवळाबाई चहाचे कप गोळा करता करता ते चट्टे बघायची आणि तिला बरं वाटायचं.

मग ते पालक संध्याकाळी त्याच पोरांना भुजंग सरांच्या क्लासला सोडायचे. भुजंग सर मोठे हुशार. ट्यूशनच्या गल्लीत तीन मजली इमारत, आणि तळमजल्यावर नवी पाटी : इंटरनॅशनल बॅच. शाळेनं शोधप्रश्न काढायचा आणि सरांनी तिसऱ्या दिवशी त्याचं शोधलेलं उत्तर झेरॉक्स करून वाटायचं. अभ्यासक्रमात एक चिंतनवही होती. ‘हे काम करताना माझ्या विचारात काय बदल झाला’ हे पोरांनी आपल्या मनानं त्यात लिहायचं होतं. सर तो बदलही लिहून देत. “आधी मला वाटायचे की… परंतु आता मला जाणवते की…” हे वाक्य फळ्यावर कायमचं लिहिलेलं असायचं. गाळलेली जागा तेवढी भरायची.

*

दोन हजार चौदाच्या पावसाळ्यात नववीला एक घटक आला : संकटानंतर माणूस कसा उभा राहतो? प्रत्येकानं आपला एक माणूस शोधायचा, त्याच्याशी बोलायचं, आणि डिसेंबरात त्याचं प्रदर्शन मांडायचं. बाहेरून तपासनीस येणार होत्या.

वर्गात अठ्ठावीस मुलं. त्र्याण्णवच्या भूकंपाची गावं गाडीनं तासाभरावर. पण रविवारी टेस्ट, शनिवारी टेस्टची तयारी. जायचं कधी? मालविका नावाची डॉक्टरांची मुलगी जरा वेगळी होती. तिच्या लक्षात आलं की आपल्याच मजल्यावरची मावशी त्या गावांतली आहे.

ती जिन्याखाली येऊन उभी राहिली. हातात फोन, रेकॉर्डिंग चालू.

“मावशी, भूकंपात तुमचं कोण गेलं?”

केवळाबाई फडकं पिळत होती. “कामून? हजेरी लावायची हाय का?”

“प्रोजेक्ट आहे.”

“माझ्या मढ्यांचं?”

पोरगी गोरीमोरी झाली, पण हलली नाही. केवळाबाईला तिच्या न हलण्याचा राग आला आणि थोडं नवलही वाटलं. तिनं फडकं बादलीत टाकलं आणि एकवीस वर्षं जे सांगत आली होती तेच सांगितलं. नवरा गेला, सहा वर्षांची वर्षाराणी गेली. गणपती बुडवून आले होते. जावेची पोरं बाहेर पारावर झोपली, ती वाचली. म्हैस दावं ओढायला लागली म्हणून मी उठून गोठ्यात गेले, मी वाचले.

“मग वर्षाराणी का नाही झोपली बाहेर?”

“म्या म्हनलं झोप म्हणून. तिलाच घरात झोपायचं होतं. न्हाई ऐकलं. बस, झालं? आता पाय उचल, तिथं पुसायचं हाय.”

हे तिनं पंचनाम्याला आलेल्या तलाठ्याला सांगितलं होतं. पेपरवाल्यांना सांगितलं होतं, पांढऱ्या गाड्यांतून आलेल्या बायकांना सांगितलं होतं. भाऊ व्यंकटीनं तिला दोन वर्षं लोह्याला नेऊन ठेवलं, तिथं भावजयीला सांगितलं होतं. सांगून सांगून ते गुळगुळीत झालं होतं.

ते खरं नव्हतं.

खरं असं होतं की त्या संध्याकाळी केवळाबाईचं आणि तिची मोठी जाऊ धोंडाबाईचं खिरापतीवरून भांडण झालं. धोंडाबाईनं आळीभर खोबरं वाटलं आणि केवळाच्या दारावरून ताट तसंच पुढं नेलं. एवढंच. पण एकाच वाड्यात दोन चुली मांडलेल्या घरात एवढं पुरतं. रात्री पोरं पारावर धोंडाबाईच्या वाकळेवर ओळीनं पडली. वर्षाराणीही जाऊन पडली. केवळा गेली आणि पोरीला दंडाला धरून फरफटत घरात घेऊन आली. “तिच्या वाकळेवर झोपायची न्हाईस. आपलं अंथरूण हाय आपल्याला.” पोरगी रडत होती, पाय घासत होती. घराच्या भिंती दोन हात रुंद, दगडमातीच्या. वर मातीचं माळवद.

तलाठी विचारत होता तेव्हा धोंडाबाई तिथंच उभी होती, तोंडाला पदर लावून. केवळा खोटं सांगत होती आणि धोंडाबाई काही बोलली नाही. तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. त्या न बोलण्याचा केवळाबाईला जन्माचा राग आला. नव्या गावठाणात दोघींची घरं एका ओळीत होती. धोंडाबाईचं न बोलणं रोज समोर बघावं लागू नये, म्हणून केवळाबाई लातूरला येऊन राहिली आणि लोकांच्या फरशा पुसायला लागली.

*

दिवाळीनंतर एकदा नववीचा वर्ग झाडताना बाकाखाली तिला स्टेपल केलेले दोन कागद सापडले. वर ठळक छापलेलं : ‘केवळाबाईंची मुलाखत (आदर्श उत्तर)’. आपलं नाव छापलेलं बघून ती उभ्यानं वाचायला लागली.

म्हशीला ‘मुका प्राणी’ केलं होतं. नवऱ्याला ‘कष्टाळू शेतकरी’. शेवटी चौकटीत लिहिलं होतं : ‘तात्पर्य – आई वारंवार सांगत असतानाही हट्टी वर्षाराणीने ऐकले नाही व तिला प्राणास मुकावे लागले. यावरून आपण शिकतो की मोठ्यांची आज्ञा पाळावी. आधी मला वाटायचे की आईवडील उगाच बोलतात. परंतु आता मला जाणवते की ते आपल्या भल्यासाठीच बोलतात.’

केवळाबाई खाली बसली. मग उठून बाकांवरच्या वह्या उघडून बघायला लागली. एक, दोन, पाच, नऊ. सगळ्यांत तेच. हट्टी वर्षाराणी. कुणी हिरव्या पेनानं अधोरेखित केलं होतं.

मालविकाला तिनं नळावर गाठलं. “हे तू दिलंस त्या भुजंगला?”

“सरांनी रेकॉर्डिंग मागितलं,” मालविका म्हणाली. “म्हणाले, सगळ्यांना वेळ नाही, शेअर कर.”

“आन् तुझ्या वहीत काय लिवलंयस?”

मालविकानं वही काढून पुढं केली. तिच्या वहीतही तेच होतं. पप्पा म्हणाले होते, सरांचंच लिही, रिस्क नको.

संध्याकाळी केवळाबाई भुजंग सरांच्या इमारतीत गेली. सर केबिनमध्ये पोहे खात होते.

“ती वळ काढा,” ती म्हणाली.

“कोणती ओळ, मावशी? बसा ना.”

“बसायला न्हाई आले. माझ्या पोरीला हट्टी म्हनलंय ती.”

सरांनी चमचा ठेवला. त्यांनी रागावून नाही, समजावून सांगितलं, आणि तेच तिला जास्त लागलं. “मावशी, उत्तराला शेवट लागतो. त्याशिवाय पोरांना लिहिता येत न्हाई. आणि मी मनचं काही घातलेलं न्हाई बरं का. तुम्हीच सांगितलंय. माझ्याकडं आवाज हाय तुमचा.” त्यांनी फोन टेबलावर ठेवला. “लावू?”

केवळाबाईनं फोन उलटा घातला.

“नको,” ती म्हणाली.

“मग? दुसरं तात्पर्य असंल तर सांगा. बदलून देतो. माझं काय जातंय?”

“तात्पर्य न्हाई त्यात. पोरगी मेली त्यात. तुमच्या तोंडात किडे पडतील.”

“पडू द्या,” भुजंग सर म्हणाले आणि पोह्यांची बशी जवळ ओढली. “पण नववीची बॅच तोवर पास झाली पाहिजे.”

*

दुसऱ्या दिवशी ती मनस्विनी मॅडमकडे गेली. मॅडमच्या टेबलावर अठ्ठावीस वह्यांचा ढीग होता आणि मानेवर चट्टे होते. मॅडमनी सगळं वाचलेलं होतं. त्यांनी केवळाबाईपुढे छापील फॉर्मचा गठ्ठा सरकवला.

“हे संमतीपत्र आहे. प्रत्येक मुलाशी तुम्ही स्वतंत्र बोललात, असं. अठ्ठावीस सह्या लागतील.”

“म्या एकीशी बोलले.”

“मावशी, तपासनीस येतायत. सगळ्यांचं एकसारखं दिसलं तर अख्ख्या वर्गाची पातळी जाईल. शाळेची मान्यता अजून कच्ची आहे.”

“आधी ती वळ काढा. मग सह्या करून देते पन्नास.”

“ते मुलांचं चिंतन आहे. त्यात मला हात घालता येत नाही. आपल्या अभ्यासक्रमात ते बसतच नाही.”

“पोरांचं?” केवळाबाईचा आवाज बाहेर जिन्यापर्यंत गेला. “हे भुजंगचं हाय! तुमाला ठाव हाय, मला ठाव हाय, त्या पोरांच्या आयांना ठाव हाय!”

“मला ठाऊक नाही,” मॅडम हळू म्हणाल्या. “आणि तुम्हालाही नाही. तुमचं कंत्राट मार्चला संपतं ना?”

केवळाबाईनं गठ्ठा तसाच ठेवला. दारातून परत वळून ती म्हणाली, “भिंतीवर लिवून ठिवलंय धाडसी म्हणून. उद्या येतच हाय पुसायला.”

तोंडानं ती एवढं बोलली. पण घरी जाऊन भाकरी थापताना तिचे हात थांबले. भुजंगला शिव्या देऊन काय होणार होतं? मॅडमशी भांडून काय? ती ओळ भुजंगनं छापली होती, पण बोलली होती तीच. एकवीस वर्षं एका तलाठ्याच्या कागदात निजून होती, तोवर ठीक होतं. आता अठ्ठावीस पोरं ती पाठ करत होती. पोरीच्या डोक्यावरून ते काढायचं तर एकच वाट होती, आणि ती वाट धोंडाबाईच्या वाकळेवरून जात होती.

*

प्रदर्शनाच्या दिवशी हॉलमध्ये प्रत्येकाचा एक असे अठ्ठावीस फळे लागले. प्रत्येकावर भुईसपाट घरं, मुका प्राणी, आणि फ्रॉक घातलेली, दोन वेण्यांची एक मुलगी. वर्षाराणीला वेण्या नव्हत्या; उवा झाल्या म्हणून त्या श्रावणात तिचे केस कापले होते. पालक फोटो काढत होते. भुजंग सरही इस्त्रीचा शर्ट घालून पालकांत उभे होते.

तपासनीस बाई बंगळूरहून आलेल्या, वयस्क, पायात साध्या चपला. त्या एकेक फळा वाचत गेल्या. मराठी येत नव्हतं. मनस्विनी मॅडम सांगत होत्या. सातव्या फळ्याला त्या थांबल्या, मागं गेल्या, परत पुढं आल्या. मग त्यांनी काही विचारलं. मॅडमनी केवळाबाईला हाक मारली. तिला नवी साडी नेसून यायला सांगितलेलं होतं, आणि ती नेहमीच्याच साडीवर आली होती.

“त्या विचारतायत, या सगळ्या मुलांशी तुम्ही बोललात का?” मॅडम म्हणाल्या, आणि ओठ न हलवता पुढं म्हणाल्या, “हो म्हणा.”

“हाव,” केवळाबाई म्हणाली. “समद्यांचं एकच हाय. म्याच सांगितलेलं हाय. आन् ते खोटं हाय.”

मॅडमचा हात मानेवरच्या चट्ट्यांवर गेला.

“पोरगी हट्टी नव्हती. ती पारावर झोपली होती, जावेच्या पोरांसंगं. म्या तिला दंडाला धरून घरात आणली. रडत होती. खोबऱ्यावरून माझं भांडण झालतं जावेशी, म्हणून आणली. बाहेर असती तर वाचली असती. आज अठ्ठावीस वर्षांची… न्हाई, सत्तावीसची असती. हे सांगा त्यांना.”

हॉलमधले फोटो थांबले. कुणाची तरी बाटली पडली आणि गडगडत गेली.

तपासनीस बाईंनी मॅडमकडे बघितलं. मॅडम इंग्रजीत काही तरी बोलल्या, फार तर पाच-सहा शब्द.

“मॅडमनी तसं नाही सांगितलं, मावशी,” मालविका मागून म्हणाली. “त्या म्हणाल्या, तुम्हाला जुन्या आठवणी आल्या.”

“मग तू सांग. तुला येतं ना? लाखभर फी कशाची भरतोय तुझा बाप?”

मालविकाचे पप्पा “मालू, इकडे ये,” म्हणाले. ती गेली नाही. तिनं तपासनीस बाईंना सगळं सांगितलं; अडखळत, पण पूर्ण. खोबऱ्यापाशी तिला शब्द मिळेना, तर तिनं हातानं ताट दाखवलं. मग तिनं टेबलावरचा जाड काळा पेन उचलला आणि आपल्या फळ्यावरची शेवटची चौकट आडव्या रेघांनी खोडून टाकली. खोडताना ती रडायला लागली.

“रडू नगंस,” केवळाबाई तिच्यावर खेकसली. “फरशी मलाच पुसायची हाय.”

मागून एका पालकानं विचारलं, “मग आता मार्कांचं काय?”

मार्कांचं असं झालं की मालविकाला आठपैकी आठ मिळाले आणि बाकीच्या सत्तावीस जणांना दोन-दोन. पालकांनी शाळेत येऊन खुर्च्या आपटल्या. मनस्विनी मॅडम नांदेडला परत गेल्या, म्हणजे त्यांना जावं लागलं. केवळाबाईला मार्चपर्यंतही ठेवलं नाही. ठेकेदार रामलिंग म्हणाला, “मावशी, तुमच्या तोंडापायी माझं टेंडर जाईल,” आणि त्यानं जिथं माणूस कमी होतं तिथं तिला पाठवलं. ते काम भुजंग सरांच्या इमारतीत होतं.

ती गेली. दुसरं कुठं जाणार होती? भुजंग सर तिच्याशी बोलत नसत आणि ती त्यांच्या केबिनचा कोपरा मुद्दाम झाडायचा राहू देत असे. असे सहा-सात महिने गेले.

पुढच्या पावसाळ्यात शाळेत नवीन नववीला तोच घटक आला. एका रविवारी सकाळी तळमजल्यावर झेरॉक्सचे गठ्ठे पडले होते, अजून गरम. वरच्या कागदावर तिचं नाव होतं. केवळाबाईनं झाडू भिंतीला टेकवला आणि एक कागद घेतला.

मालविकाचं आठपैकी आठ मिळालेलं उत्तर होतं ते. पार होता, वाकळ होती, दंड धरला होता. ‘हट्टी’ कुठं आहे म्हणून तिनं बोट फिरवत दोन्ही पानं वाचली. कुठंच नव्हतं. तिच्या पोरीबद्दल एवढंच होतं की वय सहा वर्षे, आणि ती रडत होती. खाली प्रश्न होता : ‘केवळाबाईंनी सत्य का लपवले असेल? पाच मुद्दे लिहा.’ आणि मुद्दे दिलेले होते. अपराधी भावना. समाजाचे भय. अज्ञान. दारिद्र्य. मातृप्रेम.

भुजंग सर जिना उतरून आले आणि तिच्या हातात कागद बघून पायरीवरच थांबले.

“धोंडाबाई न्हाई यात,” केवळाबाई म्हणाली.

“कोण धोंडाबाई?”

“माझी जाऊ. तिच्या रागापायी लपवलं म्या. समाज कसला न् भय कसलं.”

सरांनी खिशातून पेन काढला. “म्हणजे सहावा मुद्दा होतो. कौटुंबिक वैर. टाकतो की. सांगा अजून.”

केवळाबाईनं त्यांच्या पेनाकडे बघितलं. मग कागद होता तसा गठ्ठ्यावर ठेवला, कोपरे जुळवून.

“पाचच राहू द्या,” ती म्हणाली. “माझं काय लिवायचं ते लिवा. माझ्या पोरीचं एक अक्षर वाढवलंत, तर हा झाडू हाय आन् तुम्ही हाव.”

बाहेर पहिली बॅच यायला लागली होती. पोरं गठ्ठ्यातून कागद ओढत, न बघता दप्तरात कोंबत आत शिरत होती. केवळाबाईनं झाडू घेतला आणि बाकांच्या पहिल्या ओळीत शिरली.

“पाय उचला,” ती म्हणाली.